न लिहिलेली खबर

१९९८च्या जूनमध्ये ती धावपट्टी माझ्या गळ्यात पडली, कारण ऑफिसात दुसऱ्या कोणालाच ती नको होती.

मी तेव्हा नाशिकला कस्टम्समध्ये इन्स्पेक्टर होते. वय चौतीस, माहेर येवल्याचं, वडील एसटीत कंडक्टर. नाशिकला ना समुद्र ना बंदर, मग तुम्ही कस्टम्सवाले तिथं करता तरी काय, असं नातेवाईक विचारायचे. बहुतेक काम कारखान्यांचंच असायचं. पण बंगालमध्ये विमानातून शस्त्रं टाकल्याचं प्रकरण झालं आणि खासगी धावपट्ट्यांवर लक्ष ठेवा, असे कागद वरून येऊ लागले. लक्ष ठेवायचं म्हणजे महिन्यातून दोनदा जीपनं जायचं, विमानाचं रजिस्टर उघडायचं, चहा प्यायचा आणि सही करून परत यायचं.

आमच्या वाट्याची पट्टी पेठ रोडला, सावळघाटाच्या अलीकडे एका माळावर होती. एका कंपनीच्या शेठनं स्वतःसाठी बांधलेली. पट्टीच्या खालच्या अंगाला त्याचीच द्राक्षबाग आणि बागेपलीकडे खडकपाडा. पाड्यातली तीसेक घरं त्याच बागेत कामाला जायची. शेठ मुंबईला असायचा, इथलं सगळं मॅनेजर गुंजाळ बघायचा. गुळगुळीत दाढीचा, अदबशीर माणूस. "मॅडम, उन्हातान्हाचं कशाला आलात? फोन केला असता तर रजिस्टर तुमच्या टेबलावर आणून दिलं असतं," असं तो दर वेळी म्हणायचा.

पट्टीवर रखवालीला पुंजा भोये होता. पाड्यातलाच, कोकणा समाजाचा, पन्नाशीला टेकलेला. विमान यायच्या आधी पट्टीवरची गुरं हाकलायची, गवत कापायचं, कडेच्या दगडांना चुना मारायचा आणि शेडची किल्ली सांभाळायची, हे त्याचं काम. किल्ली तो कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवायचा. बायकोशी तो त्यांच्या कोकणा बोलीत बोलायचा, ते मला कळायचं नाही. माझ्याशी बाजारातल्या मराठीत. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचे. त्याला किंवा मला, कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सप्टेंबरात एकदा मी गेले तेव्हा गुंजाळ नाशिकला गेलेला होता. विमान नुकतंच उडालं होतं. पावसाची सर आली म्हणून मी शेडच्या पत्र्याखाली उभी राहिले. पुंजा शेजारी गोणपाट डोक्यावर घेऊन उभा होता.

"बाई, तुमच्या वहीत आज काय लिवलंय? इमानात कितीक माणसं?"

"दोन. सामान नाही."

"मंग ते जड का हाय?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात पट्टीच्या टोकाकडे केला. "मी चार वर्सं बघतोय. दोन माणसं असली की पाचव्या दगडाला चाकं सुटत्यात. शेठ, शेठीण, पोरं, पेट्या, समदं असलं की सहाव्याला. आन् कवा कवा माणसं दोनच, तरी सातवा दगड वलांडून जातं. आज बी तसंच ग्येलं."

"त्यात चढवतात काय?"

"द्राक्षाची खोकी. ह्या शेडातनं."

"आत्ता? सप्टेंबरात?"

"म्हनून तर सांगतोय."

बागेत तेव्हा छाटणीसुद्धा झालेली नव्हती. नाशिक जिल्ह्यात सप्टेंबरात द्राक्ष नसतं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. ते मला त्या रजिस्टरमध्ये कधी दिसलं नव्हतं, कारण रजिस्टरमध्ये खोकीच नव्हती.

"हे तू मला का सांगतोयस, पुंजा?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "तुमी ते तपासायलाच येता ना?"

मग थोड्या वेळानं म्हणाला, "पर माझं नाव कुठं याया नको, बाई."

"येणार नाही," मी म्हणाले. "शब्द देते."

रजिस्टरप्रमाणे विमान जायचं गुजरातच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका खासगी पट्टीवर. तिथून पुढे बोटी, आणि त्या वाटेनं लपवून जाणारा माल म्हणजे बहुधा अमली पदार्थच. मी आमच्या सुपरिटेंडंट साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब हुशार होते, वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं.

"खबऱ्या कोण?"

"पट्टीवरचा माणूस आहे. त्याला शब्द दिलाय, सर."

"मग कागदावर काहीच आणू नकोस. लिहिलंस की वर पाठवावं लागेल, आणि वर गेलं की फुटतं. संध्याकाळच्या आत त्या गुंजाळला कळेल. आपण नेहमीच्या तपासणीला गेलो आणि सापडलं, असं दाखवू."

कायदा सांगतो, अमली पदार्थांची खबर मिळाली की आधी ती लिहून काढा, वरिष्ठाला पाठवा आणि मगच झडती घ्या. हे मला पाठ होतं, परीक्षेला होतं. पण साहेबांचं म्हणणंही मला पटलं. पुंजाचं नाव राखायचा तोच मार्ग वाटला.

पुढे चार महिने पुंजानं काही इशारा दिला नाही. फेब्रुवारी १९९९मध्ये बागेत काढणी सुरू होती, तेव्हा एका सकाळी त्यानं फाट्यावरच्या टपरीतून फोन केला. "बाई, खोकी आलीत. इमान दुपारी येनार हाय." एवढंच.

आम्ही अकराला पोचलो. विमान यायची वाट बघावी, माल चढू द्यावा आणि मग पकडावं, असं मी म्हणत होते. साहेब म्हणाले, दोन जीपा बघून ते वरच्यावर परत फिरेल, मग हातात काही राहणार नाही. त्यांनी शेड उघडायला लावलं. पुंजानं सगळ्यांसमोर करगोट्याची किल्ली सोडली आणि कुलूप काढलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, ठरल्याप्रमाणे.

वरच्या थरात खरीच द्राक्षं होती, पातळ कागदात गुंडाळलेली. खाली प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत मळकट पांढऱ्या गोळ्या. मॅन्ड्रेक्स. एकशे चाळीस किलो. आफ्रिकेत ह्या गोळ्या चुरून, ओढून नशा करतात, हे मी फक्त वाचलं होतं. फाट्यावरचा टपरीवाला आणि एक ट्रकड्रायव्हर, असे दोन पंच आणले आणि पंचनामा मी माझ्या हातानं लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'सदर शेडची किल्ली रखवालदार पुंजा भोये याच्या ताब्यात मिळून आली व त्यानेच कुलूप उघडून दिले.' वाक्य खरं होतं.

दुपारी विमान परत न फिरता उतरलं, पायलटला ताब्यात घेतलं, गुंजाळला घेतलं. आणि संध्याकाळी ऑफिसात आल्यावर साहेब म्हणाले, "त्या रखवालदारालाही घ्या."

"सर, खबर त्यानंच दिलीय."

"तुला दिलीय. कुठे लिहिलंय?"

पंचनाम्याचे कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवले.

"गुंजाळचा जबाब झालाय," साहेब म्हणाले. "शेड रखवालदाराच्या ताब्यात होतं, आत काय ठेवलं ते आम्हाला माहीत नाही, असं तो म्हणतोय. पायलट म्हणतो, माझ्या विमानात काही सापडलंच नाही. ताबा कुणाचा? ज्याच्याकडे किल्ली त्याचा. तुझ्याच पंचनाम्यात आहे. त्याला सोडला तर मॅनेजरचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल, किल्लीवाला बाहेर कसा? थोडे दिवस आत राहू दे. पुढे साक्षीदार करून घेऊ."

पुंजाला अटकेच्या कागदावर अंगठा द्यायला आणलं तेव्हा मी तिथंच होते. तो मला म्हणाला, "बाई, ह्यांना सांगा ना." मी म्हणाले, "थोडे दिवस. मी बघते." त्यानं मान डोलावली. त्याचा माझ्यावर विश्वास होता, आणि हे लिहिताना अजूनही माझी मान खाली जाते.

गुंजाळला आणि पायलटला चार महिन्यांत जामीन मिळाला. त्यांचे वकील मुंबईहून यायचे. आम्ही कोर्टात दिलेल्या तक्रारीत शेठचं नाव आलंच नाही. पुंजाचा जामीन दोनदा फेटाळला गेला. माल त्याच्या किल्लीखाली सापडला होता आणि ह्या कायद्यात जामीन सहसा नसतोच. त्याला नाशिकरोडच्या जेलात ठेवलं. दोन्ही वेळा जामिनाला विरोध करणाऱ्या अर्जावर सही माझीच होती, कारण केस माझी होती. 'पुढे साक्षीदार करून घेऊ' म्हणणारे साहेब वर्षभरात बदलून गेले.

२००० साली सव्वीस जानेवारीला, जागतिक कस्टम्स दिनाला, मला मुंबईत प्रशस्तिपत्र मिळालं. स्टेजवर माझं नाव पुकारताना 'छोट्या खासगी धावपट्टीवरील नित्याच्या तपासणीत दाखवलेली सतर्कता' असं वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ते पत्र घेतलं. आईनं येवल्याच्या घरात ते काच लावून टांगलं.

पुंजाची बायको भागीबाई ऑफिसला यायची. महिन्यातून एकदा, जेलात भेट घेऊन परत जाताना. पायरीवर बसायची, आत यायची नाही. पहिल्या वर्षी मी तिच्यासाठी चहा पाठवायचे. ती तो बाजूला ठेवायची, थंड होऊ द्यायची. एकदा मी बाहेर जाऊन म्हणाले, "भागीबाई, तारीख लागली की सुटेल तो."

"मैनाचं ठरलेलं मोडलं," ती म्हणाली. मैना तिची मुलगी. "ते लोक म्हनले, बाप गोळ्या इकतो."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"त्यो इकतो काय, बाई?"

"नाही."

"मंग तुमी त्यांना सांगाल काय?"

मी म्हणाले, कोर्टात केस चालू आहे, मला बाहेर बोलता येत नाही. हेही खरं होतं. त्या चार वर्षांत मी खोटं फार कमी बोलले. बहुतेक वेळा नियमानं जे खरं असतं तेच बोलले. त्यानंतर भागीबाई आली नाही.

२००३च्या मार्चमध्ये माझी साक्ष निघाली. आदल्या आठवड्यात सरकारी वकिलांनी माझ्याकडून सगळं घोटून घेतलं. आरोपीचे वकील एक प्रश्न हमखास विचारणार: आधी खबर होती का? उत्तर: नाही. होती म्हणालात तर ती कुठे लिहिली, हा पुढचा प्रश्न, आणि मग सगळी झडतीच बेकायदा. "एका शब्दाची केस आहे, मॅडम," ते म्हणाले.

मला हे चार वर्षं माहीत होतं. खरं सांगितलं तर पुंजा सुटणार, पण त्याच्याबरोबर गुंजाळही सुटणार, पायलटही सुटणार, आणि शपथेवरच्या तक्रारीत 'नित्याची तपासणी' असं खोटं लिहिल्याबद्दल माझी चौकशी लागणार. नाही सांगितलं तर गुंजाळ कदाचित अडकेल, कदाचित अडकणार नाही. पण किल्लीवाला नक्की अडकेल. किमान दहा वर्षं. ही बेरीज-वजाबाकी मी इतक्या वेळा केली होती की शेवटी तिच्यातला माणूसच मला दिसेनासा झाला होता.

कोर्टात तो दिसला. तिन्ही आरोपी एकाच बाकावर बसले होते. गुंजाळनं केस काळे केले होते. पुंजाचे सगळे पांढरे झाले होते आणि तो हात गुडघ्यांत धरून बसला होता. मुंबईच्या वकिलांनी मला ताब्यावरून आणि पंचांवरून तासभर उलटसुलट विचारलं, खबरीचं विचारलं नाही; मी टिकले. मग पुंजाची वकील उठली. तृप्ती नावाची तरुण मुलगी, सरकारी मदतीतून नेमलेली. हातातल्या कागदावरून तिनं तो नेहमीचा प्रश्न वाचला, मान वर न करता.

"झडतीपूर्वी आपल्याला या मालाबाबत काही खबर मिळाली होती का?"

"होती."

तिनं मान वर केली. सरकारी वकील माझ्याकडे बघत राहिले.

"कोणाकडून?"

"आरोपी नंबर तीन. पुंजा भोये."

"ती आपण लेखी नोंदवली होती?"

"नाही."

न्यायाधीशांनी पेन थांबवून विचारलं, "साक्षीदार, आपण काय बोलताय, कळतंय ना?"

"कळतंय, सर."

जूनमध्ये निकाल लागला. खबर लिहिली नाही, वर पाठवली नाही, झडती बेकायदा. तिन्ही आरोपी निर्दोष. कोर्टाच्या बाहेर वऱ्हांड्यात गुंजाळ माझ्याजवळ आला आणि हात पुढे केला. मी हात दिला नाही, तर त्यानं तोच हात छातीवर ठेवला. "मॅडम, तुमचे उपकार आहेत," तो म्हणाला. चेष्टेनं नाही. खरंच कृतज्ञ होता तो. पुंजा माझ्या शेजारून गेला, पण थांबला नाही.

खात्यानं मला निलंबित केलं. चौकशीत जुन्या साहेबांना बोलावलं. त्यांनी लिहून दिलं की खबरीविषयी आपल्याला काही आठवत नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही आठवलं नसतं, हे मला चार वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

निलंबनात वेळच वेळ होता. ऑगस्टात एक दिवस मी पेठच्या एसटीत बसले आणि फाट्यावर उतरून खडकपाड्याला चालत गेले. पुंजा घरापुढे नाचणीच्या वावरात निंदत होता. मला बघून बांधावर आला. बसा म्हणाला नाही, पण एक दगड पुसून दिला.

"पुंजाभाऊ," मी म्हणाले. त्याला भाऊ म्हणायची ती माझी पहिली वेळ होती आणि ते दोघांनाही ऐकू आलं.

"कोर्टात बोलल्या तेच पयल्या दिवशी बोलल्या असत्या तर?" त्यानं विचारलं.

"केस पडली असती."

"पडली तर काय झालं असतं?"

माझ्याकडे उत्तर होतं. गुंजाळ सुटला असता. माझी नोकरी अडचणीत आली असती. पण ते दोन्ही चार वर्षांनी झालंच होतं.

"भीती वाटली," मी म्हणाले.

तो बांधावर टेकला, खुरप्याची माती बोटानं काढत. "मला बी वाटलेली," तो म्हणाला. "फोन केला तवा." मग उठला. "पाड्यात मला गोळीवाला म्हनत्यात. कोर्टाचा कागद दाखवला तरी म्हनत्यात, पैशावाल्यांसंगं सुटला. तुमी आल्याच हायेत तर चला. सगळ्यांम्होरं सांगा, मी काय केलं ते."

भागीबाई दारात उभी होती. ती त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाली, जोरात. त्यानं ऐकलं नाही. ती काय म्हणाली ते मला कळलं असतं तर मी गेले नसते.

शाळेच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली. मी उभी राहून सांगितलं. स्वच्छ सांगितलं, काही लपवलं नाही. पुंजानं गोळ्या विकल्या नाहीत. विमान जड जातं हे त्यानं ओळखलं, खबर त्यानं दिली, फोन त्यानं केला. चूक माझी; मी ते लिहिलं नाही, म्हणून हा प्रामाणिक माणूस चार वर्षं आत राहिला. बोलणं संपलं तेव्हा मला वाटलं, आयुष्यात एक काम तरी नीट झालं.

मग मागच्या रांगेतली कुसाबाई नावाची म्हातारी उठली. "म्हंजे बाग ह्याच्यापायी ग्येली?"

मला समजेना. मग शेजारच्यानं सांगितलं. धाड पडली त्याच महिन्यात शेठनं पाड्यातल्या सगळ्यांना बागेवरून काढून टाकलं होतं. बाहेरचे मजूर आणले. तीस घरं तेव्हापासून दिवाळी झाली की दिंडोरीकडे, निफाडकडे दुसऱ्यांच्या बागांत जात होती, तिथंच पालं ठोकून राहत होती. कुसाबाईचा नातू तिकडेच साप चावून गेला. इतकी वर्षं लोक समजत होते, सरकारनं धाड घातली, त्यात आपलं नशीब फुटलं.

"ह्यानं फोन केला," कुसाबाई म्हणाली. ओरडली नाही. "आमच्यातल्यानं."

"त्या गोळ्या विषारी होत्या, आजी," मी म्हणाले.

"आमी कुठं खात होतो?"

माणसं एकेक करून उठली. पुंजा ओट्याच्या कडेला बसला होता, त्याच्या अंगावरून गेली. एकानंही त्याला हाक मारली नाही. सकाळपर्यंत तो जेल भोगून आलेला माणूस होता. अशा माणसाशी पाडा अधूनमधून बोलत तरी होता.

आम्ही घराकडे परत आलो. मी म्हणाले, "पुंजाभाऊ, मला माहीत नव्हतं." तो वावरात उतरला आणि मघाशी सोडलेल्या ओळीपासून निंदायला लागला. भागीबाईनं दगडापाशी राहिलेली माझी पर्स आणून माझ्या हातात दिली.

"बाई, पाचची गाडी फाट्याला थांबते," ती म्हणाली. "आता जा. परत काय सांगाया येऊ नका."